वाळूच्या गटाची उभी हद्द

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी बरीचशी नोकरी गोदाकाठच्या तालुक्यांत गेली. हद्द कायम मोजणी हे रोजचं काम. टिपण काढायचं, गावनकाशाशी ताळा घ्यायचा, गवतात गडप झालेले जुने दगड शोधायचे, लगतच्या खातेदारांना नोटिसा द्यायच्या, पंचांच्या सह्या घ्यायच्या. कोणी बांध कोरला असेल तर किती कोरला, हे संध्याकाळपर्यंत कळायचं. वाळूचा गट मोजायला आला की यातलं निम्मं कौशल्य काठावरच ठेवावं लागे. पात्रात दगड रोवणार कुठे?

जालना आणि बीड या जिल्ह्यांची शीव बऱ्याच अंतरापर्यंत गोदावरीच आहे. अलीकडे अंबड, घनसावंगी, पलीकडे गेवराई. नकाशावर रेघ स्थिर असते, धार मात्र एखाद्या पुरात या काठावरून त्या काठाला जाते. मग उपसा हद्दीबाहेर चाललाय म्हणावं तर उत्तर ठरलेलं, ‘तो भाग पलीकडचा, साहेब.’ गटाच्या चार कोपऱ्यांना लाल फडकी बांधलेले बांबू आम्ही लावायचो. सकाळी जाऊन बघावं तर बांबू आपोआप चालत पुढे गेलेले. त्यामुळे बांबूवर विसंबायचं नाही, हे लवकरच अंगवळणी पडलं. प्रत्येक कोपऱ्याचं अंतर काठावरच्या न हलणाऱ्या दोन खुणांपासून घ्यायचं, पुलाचा खांब किंवा गट नंबरचा जुना दगड. पुढे कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश कागदावर येऊ लागले आणि आडव्या हद्दीचं भांडण बरंच निवलं.

खरी चोरी कुठे होते, ते मला एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीने दाखवलं. ठेक्याची मुदत संपल्यावर गावकऱ्यांनी तक्रार केली होती, म्हणून फेरमोजणी निघाली. लांबी-रुंदी बरोबर भरली. ठेकेदाराचा मुनीम निवांत तंबाखू मळत उभा होता. तेवढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हाताला धरून पात्रातल्या विहिरीपाशी नेलं. ‘हे बघा सायेब, इथवर वाळू व्हती.’ सिमेंटच्या गोल भिंतीवर एक सरळ रेघ उमटली होती. तिच्या वरचं सिमेंट उन्हा-पावसाने काळवंडलेलं. खालचं फिकट, खरबरीत, शटरिंगच्या फळ्यांचे वळ अजून ताजे असल्यासारखे. मी टेप धरला. रेघेपासून वाळूपर्यंत अंतर माणसाच्या उंचीहून जास्त होतं.

मुनीम म्हणाला, ‘पुरानं नेली असंल. आमची कुठं सही हाय?’ आणि कागदावर त्याचं खरं होतं. सुरुवातीच्या मोजणीत क्षेत्र होतं, चतुःसीमा होती, तळाची पातळी कुठेच नव्हती. पंचनाम्यात ‘खोली अंदाजे’ एवढंच आलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7)खाली बेकायदा गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो; पण किती ब्रास, हे आधी सांगता यावं लागतं. 100 घनफुटांचा एक ब्रास. एक हेक्टरच्या गटात तळ मीटरभर जास्त खाली नेला की साधारण साडेतीन हजार ब्रास वाळू जाते, आणि नकाशावर गट जिथल्या तिथे दिसतो. केंद्राच्या 2016च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांतली जी कमी असेल ती मर्यादा आहे. तीन मीटर कुठून मोजायचे, हे जागेवर लिहून ठेवलेलं नसेल तर ती मर्यादा कागदावरच राहते.

पुढे त्याच गावच्या गटाचा पुन्हा लिलाव निघाला, तेव्हा ग्रामसभेने ना-हरकतीला अटी घातल्या. घाटाच्या देवळाच्या पायरीवर छिन्नीने खूण करून ती मूळ पातळी धरायची. उपसा सुरू होण्याआधी ठरावीक अंतरावर पात्राचे आडवे छेद घ्यायचे आणि त्यावर ठेकेदाराची सही. शेतातून नदीत उतरणारा रॅम्प मुदत संपताच मोडायचा, खालचा मुरूम उचलून जमीन नांगरून खातेदाराच्या ताब्यात द्यायची. खड्डे पावसाळ्याआधी सपाट करायचे, कारण पाणी चढलं की ते दिसत नाहीत आणि गुराख्यांची पोरं त्यांतच उतरतात. अनामत परत मिळेल ती शेवटचे छेद घेतल्यावर. या वेळी मी लेव्हलिंगचं यंत्र लावलं तेव्हा मुनीम तंबाखू विसरून पट्टीवरचा आकडा माझ्याआधी वाचत होता. रॅम्प जूनआधी निघाला. उपसाही बराचसा मर्यादेत राहिला.

तरी एक गोष्ट ग्रामसभेला मी स्पष्ट सांगितली होती. नदीतला खड्डा सपाट करणं म्हणजे आजूबाजूची वाळू त्यात ओढणं. खड्डा दिसेनासा होतो, पण एकूण पात्र खालीच राहतं. शेतातल्या खाणीत वरची माती बाजूला राखून ती परत पसरता येते, नदीत भरायला बाहेरून वाळू कोण आणणार? पूर आणतो म्हणावं, तर पैठणला जायकवाडीची भिंत आहे. वरची वाळू नाथसागरातच बसते. खाली पोचते ती ओढ्या-नाल्यांची आणि उपनद्यांची, तीही पाऊस झाला तर. काठच्या विहिरींना पाणी देणारी हीच वाळू, त्यामुळे ती गेल्याचा हिशेब उन्हाळ्यात मोटार लावल्यावर लागतो.

2020च्या केंद्रीय सूचनांनी पावसाळ्याआधी आणि नंतर पात्र मोजून पुनर्भरण तपासायला सांगितलं आहे. मी आता निवृत्त आहे, तरी नदीकाठची माणसं अजून ठरावाचा मसुदा दाखवायला येतात. मी सगळा मसुदा नंतर वाचतो. आधी विचारतो, तळाची पातळी किती लिहिली आहे, आणि ती कोणत्या खुणेवरून?