खाद्यातलं एथॉक्सीक्विन आणि पत्र्याखालची गोणी

शेततळ्याची नोंद, मे अखेर.

जानेवारीत बनलेलं फिशफीड सध्या आमच्या भागात निम्म्या भावात देतायत. पत्र्याच्या गोडाऊनमधला माल. विक्रेता म्हणतो, "दादा, अँटिऑक्सिडंट असतंय त्यात, वर्षभर काय होत नाही." आणि मोबाईलवर मेसेज फिरतोय की त्याच अँटिऑक्सिडंटनं मासा विषारी होतो. दोन्हीकडं अर्धीच गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिशमीलमधल्या तेलाला हवा लागली की ते खवट होतं, आणि होताना तापतं. जहाजात भरलेलं फिशमील असं आपोआप पेटूही शकतं. म्हणून समुद्रमार्गे पाठवताना त्यात अँटिऑक्सिडंट घालायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. स्वस्त आणि भरवशाचं म्हणून बरीच वर्षं एथॉक्सीक्विनच चाललं. मूळचं हे रबराला तडे जाऊ नयेत म्हणून वापरायचं रसायन. ते फिशमीलच्या कारखान्यातच पडतं, त्यामुळं आपल्या फीड कंपनीनं वेगळं काही घातलं नाही तरी गोणीत ते असू शकतं.

अमेरिकेत खाद्यातली मर्यादा १५० पीपीएम, म्हणजे टनाला १५० ग्रॅम. युरोपातही तेवढीच होती, पण २०१७ मध्ये त्यांनी परवानगी स्थगित केली. मासे मेले म्हणून नाही. ते सुरक्षित आहे हे दाखवणारी माहिती पुरेशी नव्हती, आणि त्यात राहणारी पी-फेनेटिडीन नावाची अशुद्धी जनुकांना बाधक असण्याची शक्यता होती. सामन माशात असं दिसलंय की मूळ एथॉक्सीक्विन काही दिवसांत निघून जातं, पण शरीरात त्याचा जो डायमर बनतो तो मांसात कितीतरी जास्त टिकतो. २०१२ मध्ये जपाननं भारताची कोळंबी याच कारणावरून तपासायला घेतली, तेव्हा त्यांची मर्यादा ०.०१ पीपीएम होती. म्हणजे काळजी आहे ती खाणाऱ्याची आणि बाजाराची.

आपल्या माशाला मात्र खवट तेल जास्त नडतं. जपानमध्ये कार्प माशांना रेशीमकिड्यांचे खवट कोष खाऊ घातले, तर पाठीचं मांस झडून मासा चाकूसारखा झाला. त्या रोगाला तिकडं सेकोके म्हणतात. ई जीवनसत्त्व दिल्यावर तो टळला. आपला सायप्रिनस म्हणजे तोच कार्प, हे ध्यानात घ्या.

आता विक्रेत्याच्या 'वर्षभर'बद्दल. अँटिऑक्सिडंट तेलाला वाचवता वाचवता स्वतः संपतं. उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली ते लवकर संपतं. आणि बुरशी ते थांबवत नाही, तो मुद्दाच वेगळा. ओल लागलेल्या गोणीत कितीही अँटिऑक्सिडंट असलं तरी बुरशीचं विष तयार होऊ शकतं.

मी गोणी फोडून मूठभर दाणे तळहातावर चोळले. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला, माल तिथंच ठेवला. वस्तीवरच्या आबांनी त्याच लॉटच्या चार गोण्या नेल्यात. त्यांचे मासे दाणा तोंडात घेऊन परत सोडतायत, सकाळचं खाद्य दुपारी तरंगताना दिसतं. आबांना म्हटलं, उरलेल्या गोण्या बाजूला काढा, दोन दिवस खाद्य बंद ठेवा, मग ताज्या खाद्यानं थोडं थोडं सुरू करा. ते म्हणाले, "पैसं गेलं की रं." गेलंच. पण तळ्यात १०-११ महिन्यांचा माल आहे, त्याचं काय?

माझ्या गोण्या मी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचतो आणि दोन महिन्यांत संपतील एवढ्याच आणतो. घरचा भाताचा कोंडा घालणाऱ्यांनी तेल काढलेलाच घ्यावा, साधा कोंडा काही दिवसांतच खवट होतो. आणि 'लिव्हर टॉनिक, अँटिऑक्सिडंट' म्हणून सुटी पावडर कुणी वरून घालायला सांगितली, तर आधी विचारा आत नेमकं काय आहे अन् किती.

मी फीड कंपनीला बॅच नंबर देऊन लेखी विचारलंय, फिशमीलला काय मारलंय: एथॉक्सीक्विन, बीएचटी की टोकोफेरॉल. उत्तर आलं की इथंच टाकतो.