लोणावळा झालं असेल, तर बीडला चला!

‘बीड? तिथे बघायला काय आहे?’ पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींचा हा ठरलेला प्रश्न. त्यांना तरी काय बोलणार? पेपरात बीड येतं ते दुष्काळामुळे, नाहीतर राजकारणामुळे. मी पडले मूळची अंबाजोगाईची, त्यामुळे मला तो जरा जास्तच झोंबतो. शेवटी एका सप्टेंबरात चौघांना गाडीत कोंबलं आणि अहिल्यानगर, जामखेड करत निघालो.

जामखेड सोडलं की थोड्याच वेळात सौताडा येतं. वरून बघाल तर साधं माळरान. आणि एकदम पायाखालची जमीनच संपते! विंचरणा नदी तिथून थेट दरीत उडी घेते. खाली रामेश्वराचं देऊळ. उतरेपर्यंत आमच्या आयटीवाल्यांची बोलती बंद. (वर चढून येताना सगळ्यांचीच.) पुढे पाटोदा तालुक्यातच नायगावचं मयूर अभयारण्य आहे, पण मोर बघायचे तर पहाटे उठायची तयारी हवी. आमची नव्हती. मांजरसुंब्याला रबडी मात्र सगळ्यांनी मनापासून खाल्ली. तिथून जवळच कपिलधार, म्हणजे मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी कोसळणारा धबधबा. पाण्याखाली उभं राहायचं तर शेवाळाकडे लक्ष ठेवा.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती बीडजवळची खजाना विहीर. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात सलाबत खानानं बांधून घेतलेली. प्रचंड गोल विहीर, पण मोट नाही, रहाट नाही. जमिनीखालच्या कालव्यांतून पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या कालव्यातून उतारानं आपसूक शेतांकडे जातं. ज्या जिल्ह्याला आपण सरसकट ‘दुष्काळी’ म्हणून मोकळे होतो, तिथे चारशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी पाण्याचा असा विचार केला होता. शहरातलं कंकालेश्वर मंदिरही पाण्याच्या कुंडात मधोमध उभं आहे.

दुसऱ्या दिवशी धारूरचा घाट. किल्ला आदिलशाहीतला, १५६७ सालचा, तीन बाजूंना खोल दरी. पावसाळ्यात तटावरून बालाघाटाचे डोंगर असे हिरवेगार दिसतात की आपण मराठवाड्यात आहोत हे खरंच वाटत नाही. वाटेत एक मावशी पाटीभर सीताफळं घेऊन बसल्या होत्या. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि चव घेतली की का ते कळतं.

‘मावशी, दिवाळी झाली की परत येते,’ मी म्हटलं.

‘तव्हा कोन भेटतंय बाई हितं? आमी कारखान्याला. गावात म्हातारी मानसं अन् कुलपं.’

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’. ती फिटेपर्यंत उसाच्या फडात राबायचं, कोपीत राहायचं. परत येईस्तोवर उन्हाळा लागलेला असतो. मावशींनी हे सगळं सीताफळं मोजता मोजता सांगितलं, दोन फळं वर टाकली आणि पैसे कनवटीला लावले. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

कुठल्याही गावाबद्दल विचारा, ‘हिवाळ्यात जा’ असं सांगणारे भेटतातच. बीडच्या बाबतीत मला ते अजिबात पटत नाही. तेव्हा धबधबे आटत चाललेले आणि निम्मं गाव बाहेर. जुलै ते दसरा याच दिवसांत या. डोंगर हिरवे असतात आणि घरांची दारं उघडी असतात. रस्ता विचारला तर माणूस नुसता हात दाखवत नाही, चहालाही थांबवतो.

अंबाजोगाईला एक मुक्काम हवाच. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवी, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पाटीची एखादी गाडी बाहेर दिसतेच. पण दर्शन घेऊन तसेच परत फिरू नका. हत्तीखान्याची लेणी बघा, दरीकाठी मुकुंदराजांची समाधी आहे तिथे संध्याकाळी बसा. कापडाच्या लांबलचक पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिणारे दासोपंत इथलेच.

गाडी नसेल तर १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून बीडला रेल्वेही सुरू झाली आहे. बूट चांगल्या ग्रिपचे घ्या. आणि सीताफळं कडक बघून घ्या, घरी पोचल्यावर दोन दिवसांत पिकतात.