बावीस मिनिटांत सुफळ संपूर्ण

‘ही-मॅन’ या कार्टूनमध्ये राजपुत्र ॲडम तलवार वर उचलायचा, ग्रेस्कल किल्ल्याच्या शक्तीचं नाव घ्यायचा, विजा कडाडायच्या आणि तिथं ही-मॅन उभा असायचा. मग तलवारीचं टोक भित्र्या क्रिंजरकडे वळायचं आणि त्या हिरव्या वाघाचा बॅटल कॅट व्हायचा. भागामागून भाग हाच प्रसंग, त्याच चित्रांनी, त्याच संगीतावर. आम्हाला त्याचा कधी कंटाळा आला नाही. तो क्षण जवळ आला की सतरंजीवर बसलेली आळीतली सगळी पोरं उठून उभी राहायची. कुणाच्या हातात फूटपट्टी, कुणाच्या हातात लाटणं. संवाद सगळे कळायचे असं नाही, पण गोष्टीचा सांगाडा पाठ होता. दुष्ट स्केलेटर कट रचणार, बिचारा ऑर्को नको तिथं जादू करून घोळ घालणार, ॲडम ऐन वेळी दिसेनासा होणार, ही-मॅन येणार, स्केलेटर हात चोळत पळणार. शेवटी मैत्रीण टीला ॲडमला आळशी म्हणणार आणि सगळे हसणार.

चेहरा तोच, केस तेच, फक्त अंग थोडं रापलेलं आणि कपडे कमी. तरी ॲडमला कुणी ओळखायचं नाही. मोठी माणसं याला हसायची. आम्हाला मात्र सगळी गंमत त्यातच होती. ॲडमचं गुपित जादूगारीण, मॅन-ॲट-आर्म्स आणि ऑर्को या तिघांनाच ठाऊक. चौथे आम्ही. टीलाला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, हा आनंद लहानपणी फार मोठा असतो. एका भागात राणी मार्लेना हळूच सुचवते की तिलाही मुलाचं गुपित कळलेलं आहे. तेव्हा अंगावर काटा आला होता, तो आजही आठवतो.

हे सगळे संकेत कुठून आले ते पुढे वाचनातून कळलं आणि त्या कार्टूनबद्दलचा आदर वाढला. मॅटेल कंपनीची ही-मॅनची खेळणी १९८२ साली बाजारात आली आणि १९८३ मध्ये फिल्मेशन स्टुडिओनं त्यावर मालिका काढली. दोन वर्षांत १३० भाग. अमेरिकेतले बाकीचे बरेच स्टुडिओ चित्रांचं काम स्वस्तात जपान-कोरियाकडे पाठवत होते. फिल्मेशनच्या लू शायमरनं ते काम कॅलिफोर्नियातच, आपल्याच चित्रकारांकडे ठेवलं. खर्च भागवायचा म्हणून एकदा काढलेली चित्रं पुनःपुन्हा वापरली गेली : ही-मॅनचं धावणं, खडक उचलणं, पडद्याकडे झेपावणारी मूठ. ज्या पुनरावृत्तीवर आम्ही जीव टाकला तिच्यामागे अनेकांची रोजीरोटी शाबूत ठेवण्याची धडपड होती. ऑर्कोचा आवाजसुद्धा शायमरनं स्वतःच दिला.

खेळणी विकण्यासाठी मुलांना हाणामारी दाखवता, असा आक्षेप तिकडे होताच. म्हणून बंधनं आली. ही-मॅनची तलवार कुणाच्या अंगात घुसत नसे. तो शत्रूला उचलायचा आणि चिखलात फेकायचा. भाग संपला की कुणीतरी पात्र थेट आपल्याकडे बघून बोध सांगायचं. १९८५ मध्ये ही-मॅनच्या जुळ्या बहिणीची, शी-राची मालिका आली. तिथं लू-की नावाचा चिमुकला प्राणी प्रत्येक भागात एखाद्या चित्रात दडलेला असे आणि शेवटी, मी सापडलो का, असं विचारून मगच तो बोध सांगे. आपल्याकडे १९९७ साली सुरू झालेल्या ‘शक्तिमान’मध्येही शेवटी मुलांना चार गोष्टी सांगितल्या जात. श्रावणातल्या कहाणीला जसा ठरलेला शेवट असतो आणि तो ऐकल्याशिवाय उठायचं नसतं, तसंच हे. सुफळ संपूर्ण झालं की मगच खेळायला पळायचं.

पुढे शी-रा नव्यानं आली. २०१८ ते २०२० या काळात नेटफ्लिक्सवर तिचे ५२ भाग आले. ती गोष्ट मला मनापासून आवडली. तिथं ॲडोरा, म्हणजेच शी-रा, आणि कॅट्रा एकत्र वाढलेल्या मैत्रिणी आहेत. एक बंडखोरांना मिळते, दुसरी मागे राहते आणि शत्रू होते. कॅट्रा का चिडली, कुणी तिला कमी लेखलं, हे पाच पर्वांतून उलगडत जातं. शेवटी कुणी समोर येऊन बोध सांगत नाही. तो पात्रांच्या वागण्यात मुरलेला असतो. चौथ्या पर्वाच्या अखेरीस तर ॲडोरा आपली तलवारच मोडून टाकते. आमच्या लाटण्याच्या तलवारी उगारणाऱ्या पिढीला हा घाव बसलाच, पण तो कथेनं पुरेपूर कमावलेला होता. स्केलेटर दुष्ट का, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. आजची मुलं कॅट्राबद्दल तो विचारतात, आणि हे मोठं पाऊल आहे.

पॅरिसमध्ये घडणारी ‘मिरॅक्युलस’ ही २०१५ पासूनची मालिका दोन्ही काळांना जोडते. मॅरिनेटचं लेडीबग या नायिकेत होणारं रूपांतर दर वेळी साग्रसंगीत होतं. खलनायक मात्र कुणीतरी साधं, दुखावलेलं माणूस असतं. त्याच्या रागावर काळं फुलपाखरू सोडून खरा सूत्रधार हॉक मॉथ त्याला वेठीला धरतो. शेवटी लेडीबग त्या काळ्या फुलपाखराला शुद्ध करते, शहराची सारी मोडतोड पूर्ववत होते आणि ते माणूस पुन्हा आपल्यात येतं.

पण नव्या मालिकांत एक गोष्ट हरवत चालली आहे आणि तिचं मला खरंच वाईट वाटतं : एका भागात पूर्ण होणारी गोष्ट. पर्वाचे सगळे भाग एकदम येतात, प्रत्येक भाग कड्यावर लोंबकळत संपतो आणि मूल पुढचा भाग लावतं. त्या गोष्टीशी खेळायला, तिचा शेवट मनात घोळवायला वेळच मिळत नाही. भागातच संपणारी गोष्ट उथळ असते, हे मला मान्य नाही. ही-मॅनचा ‘द प्रॉब्लेम विथ पॉवर’ हा भाग बघा. आपल्या हातून एक निरपराध माणूस मेला असं ही-मॅनला वाटतं. तो स्केलेटरचा डाव असतो, पण ही-मॅनला ते ठाऊक नसतं. तो तलवार दरीत फेकून देतो. या शक्तीला मी लायक नाही, असं ठरवून साधा ॲडम म्हणून जगायला निघतो. अपराधाचं ओझं, पदत्याग, सत्य उघड होणं, तलवार परत हाती घेणं, हे सगळं बावीस मिनिटांत. आठ वर्षांच्या पोराला झेपेल असं आणि त्याला आठवडाभर पुरेल असं.

मराठीत मुलांसाठी कार्टून करू पाहणाऱ्या लेखक-चित्रकारांना माझी विनंती आहे. कॅट्रासारखी खोल पात्रं जरूर घडवा, पण प्रत्येक भागाला त्याचा स्वतःचा शेवट द्या. आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्याशेजारी बसून एक भाग बघा, तो संपला की टीव्ही बंद करा आणि आता या गोष्टीत पुढे काय झालं असेल ते त्यालाच सांगू द्या.