गाण्याचा शेवटचा हात

भिंत रंगवताना आधी जुना रंग खरवडावा लागतो, भेगा बुजवाव्या लागतात, प्राइमर लावावा लागतो आणि मगच रंगाचा शेवटचा हात द्यायचा असतो. तो नीट बसला तर भिंत उजळते. पण भिंतच ओली असेल तर कितीही महाग रंग आणा, पापुद्रे निघणारच. तीस वर्षे रंगकाम केल्यामुळे हे मला कळते. गाण्याच्या रेकॉर्डिंगलाही असा शेवटचा हात असतो आणि त्याला 'मास्टरिंग' म्हणतात, हे मात्र मला माझ्या मुलीने शिकवले.

रेकॉर्डिंग करताना गायकाचा आवाज, ढोलकी, पेटी, कोरस वेगवेगळे टिपतात. मग कोणाला पुढे ठेवायचे, कोणाला मागे, ते ठरवून सगळे एकत्र करतात. ते झाले मिक्सिंग. अशा तयार गाण्यावर जो अखेरचा संस्कार होतो, ते मास्टरिंग. गाणे मोबाईलवर वाजो, रिक्षातल्या स्पीकरवर वाजो की विहारातल्या भोंग्यावर, शब्द कळले पाहिजेत, हा त्यामागचा हेतू.

तबकडीच्या जमान्यात हे काम करणारा माणूस यंत्रावर तबकडीची खोबण कोरून घेत असे. खर्ज फार झाला तर ग्रामोफोनची सुई उडण्याची भीती, म्हणून तो आधीच आवरावा लागे. पुढे कॅसेट आली. आपल्या गायन पार्ट्यांची गाणी कॅसेटमुळे वस्तीवस्तीत पोहोचली. पण कॅसेट काढायची तर कंपनी हवी, स्टुडिओचे भाडे भरायला पैसा हवा. ज्यांना ते जमले त्यांचा आवाज राहिला. ज्यांना जमले नाही त्यांचा आवाज त्यांच्याबरोबरच गेला. आपल्या घरांतून अशा किती आयाबहिणी गेल्या, त्याची नोंद कोणी ठेवली?

१९९६ साली जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली. ज्या कामासाठी स्टुडिओत यंत्रांची मांडणी लागे, ते काम संगणकातले छोटे प्रोग्रॅम करू लागले. यांनाच प्लग-इन म्हणतात. आज त्यांतले कितीतरी चांगले प्लग-इन फुकट मिळतात.

आमची खोली दहा बाय बाराची. मुलगी दिवसा औषधांच्या दुकानात कामाला जाते. तिने पगारातून पैसे साठवून जुना संगणक, एक माइक, हेडफोन आणि माइक संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस घेतला. भिंतींवर गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही. शेजाऱ्यांचे टीव्ही बंद झाले की रात्री अकरानंतर आमचा स्टुडिओ सुरू!

या स्टुडिओतले पहिले मोठे काम माझ्या आत्याचे. आत्या पंचाहत्तरीच्या पुढची. लिहिता-वाचता येत नाही, पण गावाकडे जात्यावर म्हटलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या आणि पाळणे तिला तोंडपाठ आहेत. तिची कॅसेट कधी निघाली नाही. आता छातीचे दुखणे आहे. डॉक्टरांनी जास्त बोलायलाही मनाई केली आहे. पुढच्या वर्षी ती गाऊ शकेल की नाही, हे सांगता येत नव्हते. म्हणून तीन रात्रींत, दम खात खात, तिच्या आठ ओव्या टिपल्या. सोबतीला फक्त एक ढोलकी.

मग मुलगी शेवटचा हात द्यायला बसली. पहिला प्लग-इन इक्वलायझर. आवाजाचे जाड-बारीक पट्टे यात कमी-जास्त करता येतात. छोट्या खोलीत २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास आवाज गढूळ होतो. तिथे तिने दोन डेसिबल कमी केले. दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये शब्दांची धार असते, तिथे एकच डेसिबल वाढवला. आत्याच्या 'स' आणि 'च'ची शिट्टी कानाला टोचत होती, ती डी-एसर नावाच्या प्लग-इनने मऊ केली. "मास्टरिंगमध्ये चिमटीनेच मीठ टाकायचं, बाबा. मूठभर लागत असेल तर परत मिक्सिंगकडे जायचं," असे ती म्हणाली.

दुसरा प्लग-इन कॉम्प्रेसर. तो मोठा आवाज दाबतो. मग सगळी पातळी वर उचलली की हळू आवाजही पुढे येतो. इथे खरी अडचण आली. आत्या ओळीच्या मधे जो दम घेते, तोही वर आला. छातीतली घरघर स्पष्ट ऐकू येऊ लागली. मुलीने विचारले, "आजी, हे श्वास कापून टाकू का? तसं करता येतं."

आत्याने हेडफोन लावून पुन्हा ऐकले आणि म्हणाली, "राहू दे गं. जात्यावर दम लागायचाच."

मुलीने श्वास ठेवले. कॉम्प्रेसर मात्र सैल केला, म्हणजे श्वास शब्दांच्या मागेच राहतील.

शेवटचा प्लग-इन लिमिटर. ठरवलेल्या रेषेच्या वर तो आवाज जाऊ देत नाही. यावरून घरात वाद झाला. माझा पुतण्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेचे काम बघतो. तो म्हणाला, "ताई, एवढा बारीक आवाज? दुसऱ्यांच्या गाण्यापुढे आपलं कोण ऐकणार?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, हा माणसाचा स्वभावच आहे. म्हणूनच जगभर गाणी अधिकाधिक मोठी करण्याची स्पर्धा लागली होती. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन बँडची 'डेथ मॅग्नेटिक' ही सीडी इतकी दाबून काढली गेली, की आवाज फाटतो म्हणून चाहत्यांनीच तक्रार केली.

मुलीने त्याला मीटर दाखवला. आवाजाची जाणवणारी पातळी आता एलयूएफएस या मापात मोजतात. यूट्यूबची पातळी साधारण उणे १४ आहे. गाणे दाबून उणे ८ वर नेले, तर यूट्यूब ते सहा डेसिबलने खाली आणतो. म्हणजे गाणे चिरडले जाते आणि मोठेही वाजत नाही! तिने ओव्या उणे १४ वर ठेवल्या आणि सर्वात उंच टोक उणे १ डेसिबलवर थांबवले.

पुढचे तीन दिवस नुसती परीक्षा. मोबाईलवर ढोलकीची धुम गायब झाली, कारण छोट्या स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. तेव्हा सॅच्युरेशनच्या प्लग-इनने त्या थापेला वरचे सूर थोडे जोडले. लगेच थाप कळू लागली. शेजारच्या भावाच्या रिक्षात ऐकले. मग विहारातल्या भोंग्यावर लावले. तिथे सतरंज्या झटकणाऱ्या दोन बायका हातातले काम थांबवून ओवीचे शब्द पुटपुटू लागल्या. एकीच्या आईचीही तीच ओवी होती. माझ्या पुतण्यालाही त्यावर काही बोलायचे उरले नाही.

ज्या मुलामुलींना हे शिकायचे आहे, त्यांनी महागड्या सामानासाठी अडून बसू नये. रीपर हा प्रोग्रॅम ६० दिवस वापरून पाहता येतो, पुढे साध्या वापरासाठी त्याची किंमत ६० डॉलर आहे. टीडीआर नोव्हा हा इक्वलायझर, लाउडमॅक्स हा लिमिटर फुकट आहेत. युलीनच्या लाउडनेस मीटरचीही फुकट आवृत्ती मिळते. चोरीच्या प्लग-इनमधून व्हायरस येतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. प्लग-इन चालू-बंद करून ऐकताना दोन्ही वेळा पातळी सारखी ठेवा, नाहीतर जे मोठे तेच चांगले वाटेल. रात्री केलेले काम सकाळी ताज्या कानाने पुन्हा ऐका. दाबलेल्या एमपी३ बरोबर मूळ २४ बिटची वेव्ह फाईलही दोन ठिकाणी जपून ठेवा. मास्टरिंग उद्या पुन्हा करता येईल, गेलेला गळा परत आणता येणार नाही.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना काय काय येते. प्लग-इन नंतर शिका. आधी मोबाईल काढा, पंखा बंद करा आणि त्यांना गाऊ द्या.