गटाची वही

लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापडी पट्टी. एका कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं, मधल्या पानांत जांभळ्या शाईचे अंगठे. महिन्यातून एकदा पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात कुठल्याशा ओसरीवर सतरंजी पडते, भोवती दहा-पंधरा बायका बसतात आणि मधोमध ही. बचत गटाची वही.

स्वभावानं करडी, पण कुणाचा पाणउतारा करणार नाही. नव्या बंगल्यातून आलेलीचे २०० रुपये आणि दुसऱ्याच्या खाचरात भाताच्या लावणीला जाणारीचे २०० ती सारख्याच रकान्यात घेते. हप्ता चुकला तर रकाना मोकळा राहतो. पुढच्या बैठकीला तो भरायचा, एवढंच. पंधराजणींचे दोनशे म्हणजे महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये. हा आकडा मोठ्यानं वाचला की ‘आपल्याकडं कुठं काय मागं पडतंय’ म्हणणारी बाई पुढच्या वर्षाचं बोलू लागते.

कर्ज देताना ती एक गोष्ट हटकून लिहून घेते: कारण. पोराची फी, दवाखाना, शेळी, बी-खत, नणंदेच्या घरचा आहेर. सगळ्यांसमोर सांगायचं, चर्चा होणार, ठराव होणार, मग पैसे हातात. तेवढ्या वेळात गरज कोणती आणि हौस कोणती, हे बाईचं तिलाच उमगतं. आजारपणाच्या कर्जाची लाजही इथं गळून पडते, कारण मागच्या पानावर दुसरीचं तसंच कर्ज असतं, फिटलेलं. भरलेलं व्याज गटातच राहतं.

सावकाराच्या वहीची धास्ती पुणे जिल्ह्यानं पाहिली आहे. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांतले कर्जरोखे आणि खतावण्या बाहेर काढून जाळल्या. त्यांत काय लिहिलंय हे बहुतेक कुळांना वाचता येत नव्हतं. पुढं १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत मुळशीचे मावळे उभे राहिले, तेव्हाही खतावणीवाले सावकार बुडणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याकडं डोळे लावून होते आणि कसणारा जमिनीसाठी तुरुंगात जात होता. गटाच्या वहीची रीत वेगळी. मागची शिल्लक सगळ्यांना वाचून दाखवल्याशिवाय ती नवी ओळ लिहू देत नाही.

आज तालुक्यात पैसा वेगळ्या वाटेनं येतो. हिंजवडी-माणला आयटी पार्क झालं, भूगाव-पिरंगुटच्या रस्त्याला प्लॉट पडले आणि जमीन गुंठ्यावर आली. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, एकराचे ४०. पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या सुगीवर चाललेल्या घरात आयुष्यभराची रक्कम एका खरेदीखतानं येते. मग गाडी, सोनं, लग्नाचा मांडव. अशा घरांना हसणं सोपं आहे. पण सुगीचा पैसा वर्षभर पुरवायची त्यांची अक्कल खरी होती. एवढी रक्कम कशी वापरावी, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या व्यवहारांत बाईची सही बहुतेक वेळा हक्कसोड पत्रावर लागली. २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, तरी भावासाठी तो सोडणं ही रीत राहिली. गटाच्या वहीत तीच बाई पैसे ठेवण्यासाठी सही करते, उचलण्यासाठी करते, फेडल्यावर पुन्हा करते. नाबार्डनं १९९२ मध्ये गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, पुढं ‘उमेद’ अभियान गावोगाव पोचलं; पण बँकेच्या साहेबासमोर ताठ बसायचं बळ तिला या सह्यांनी दिलं.

ही वही आता बायकांच्या बैठकीपुरती ठेवू नये. जमिनीचा पैसा आलेल्या घरानं पहिली खरेदी अशा वहीची करावी. किती आले, किती मुदत ठेवीत गेले, गाडी कशासाठी, बहिणीचा वाटा किती, हे लिहावं आणि महिन्यातून एकदा आजीपासून शाळकरी पोरीपर्यंत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं. जो खर्च वाचताना आवाज अडखळतो, तो पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावा.