थांबलेल्यालाही कळू द्या

मंडळी, मी मराठी माध्यमातली बी.ए., शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तेव्हा आज यंत्रावर लिहितेय म्हणून हसू नका.

मुलगा एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो. परवा सुट्टीवर आला होता. "तू नेमकं करतोस काय रे?" विचारलं, तर त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला चित्रच काढलं. एक पंप, त्याच्या पुढे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह एकच, पण हुकूम देणारे कंट्रोलर दोन! पहिला ठरलेला प्रवाह राखतो. दुसरा पंपात येणाऱ्या बाजूचा दाब बघतो. हा दाब फार उतरला तर आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप खराब होतो. दोघांचे ४ ते २० मिलिअँपिअरचे सिग्नल एका सिलेक्टरकडे जातात. ज्याचा सिग्नल कमी, त्याचं व्हॉल्व्ह ऐकतो. एरवी पहिल्याचं राज्य, संकटात दुसऱ्याचं. याला म्हणतात ओव्हरराइड.

"मग एरवी दुसरा काय करतो?"

"तीच तर गोम आहे, आई. दाब भरपूर आहे, अजून उघडा, असं तो सांगत राहतो. कोणी ऐकत नाही, म्हणून त्याचा सिग्नल चढत चढत २० वर जाऊन बसतो. पहिला समज १२ वर आहे. दाब पडला की याला २० वरून १२ च्या खाली यावं लागतं. तेवढ्या वेळात पंपाचं नुकसान होतं. म्हणून व्हॉल्व्हला खरोखर जाणारा सिग्नल आम्ही दोघांनाही परत कळवतो. मग थांबलेला जवळपासच राहतो आणि वेळ आली की लगेच सूत्रं हाती घेतो."

मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. हे आयसीयूत होते. बँक, विमा, लाइटबिल, सगळं यांच्याकडे. यांनी कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. विम्याची फाइल सापडायला दोन दिवस गेले. अनामत भरायला शेजाऱ्यांपुढे हात पसरला. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि माझ्याच घरात मी परकी! हे सुखरूप घरी आले, पण तो राग माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

परवा ते चित्र बघून यांनीच विषय काढला. "तुला मी २० वर ठेवलं होतं," म्हणाले.

आता दर रविवारी चहानंतर पासबुकं आणि फाइली टेबलावर येतात. सह्या हेच करतात, मी नुसती बघते.

असो. तुमच्याकडे काय पद्धत आहे? जरूर कळवा.