पोरासाठी प्राणी, म्हणजे नक्की कोणासाठी?

लहान मुलं प्राणी मागतात. सगळीच मागतात. मागण्याचं वय साधारण पाच ते दहा, आणि मागण्याची वेळ साधारणपणे शाळेतल्या एखाद्या मित्राकडे कुत्रा आल्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या घरातले छोटे सरकार (म्हणजे दादाचा मुलगा, वय वर्षं ७) यांनी ही मागणी गेल्या जूनमध्ये रीतसर मांडली. कारण मात्र जरा वेगळं होतं. शेजारच्या विंगमधला त्याचा एकुलता एक जिगरी दोस्त वडिलांच्या बदलीमुळे इंदूरला गेला. मग संध्याकाळी हा खाली खेळायला जाईनासा झाला. गॅलरीत उभा राहायचा. दादा-वहिनी दोघंही नोकरीवाले, घरी आई (म्हणजे त्याची आजी), आणि मी वरच्या खोलीत लॅपटॉपला चिकटलेला. तेव्हा "त्याला सोबत म्हणून एखादा प्राणी आणू या" हा ठराव बिनविरोध पास झाला. आई काही बोलली नाही, आणि आमच्याकडे न बोलणं हे होकारात धरतात.

कुठला प्राणी आणायचा याचा अभ्यास करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आयटीतला माणूस काय करणार? एक्सेल शीट. कॉलम पाच: किती वर्षं जगतो, रोज किती वेळ मागतो, मे महिन्यात गावी जाताना त्याचं काय करायचं, कायद्यात बसतो का, आणि मुलाला त्याच्यापासून (किंवा त्याला मुलापासून) धोका किती. आता एकेक उमेदवार बघू.

पोपट. पहिल्या फेरीत बाद. आपल्याकडचे हिरवे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. अर्ध्या पुण्याच्या आज्यांकडे एके काळी मिठू होता, त्यामुळे हे कोणाला खरंच वाटत नाही. चांदण्यांची नक्षी असलेलं देशी कासवही त्याच कायद्यात येतं. "लव्हबर्ड" म्हणून जे रंगीत पक्षी मिळतात ते बहुतेक वेळा बजरिगार असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे, त्यांना हा कायदा आडवा येत नाही. पण थव्यात राहणारा पक्षी दीड फुटाच्या पिंजऱ्यात बघून एकट्या मुलाचा एकटेपणा कसा जाणार, हे मला काही कळेना.

लाल कानाचं छोटं कासव. दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडंच मोठं दिसतं, फारच गोड. पण मोठं झालं की पाऊण-एक फुटाचं होतं आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षं जगतं. म्हणजे सातव्या वर्षी आणलेलं कासव साहेबांच्या लग्नात पंगतीला! शिवाय कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत चार इंचाहून लहान कासवं विकायला १९७५ मध्येच बंदी घातली गेली, कारण मुलं ती तोंडात घालायची. आणि कंटाळलेले लोक ती तळ्यात सोडतात, मग तिथल्या देशी कासवांच्या पोटावर पाय.

ससा. वहिनीची पहिली पसंती. पण ससा हा उचलून कुरवाळायचा प्राणी नाहीच. तो स्वभावतः शिकार होणारा प्राणी, उचललं की त्याला वाटतं झालं, नेलं आपल्याला. मग तो मागच्या पायांनी अशी लाथ झाडतो की कधी कधी त्याचाच कणा मोडतो. त्याचं मुख्य खाणं सुकं गवत, गाजर हे चॉकलेटसारखं, कधीतरी. दात जन्मभर वाढत राहतात. आणि आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. सात वर्षांच्या मुलाचं प्रेम म्हणजे मुख्यतः उचलणं. इथे दोघांचं जमायचं नाही.

मासे. "काय, काचेचं भांडं आणि दोन गोल्डफिश, झालं काम!" असं दादा म्हणाला. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-दहा वर्षं जगतो. भांड्यात तो महिन्यात मरतो म्हणून आपल्याला त्याचं आयुष्यच तेवढं वाटतं. मासा अमोनिया सोडतो. टाकीत जिवाणूंची वसाहत बसली की ते अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढायला हवं. म्हणजे टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडणं हे सर्व्हर न लावता युजर आत घेण्यासारखं. मला व्यक्तिशः हा पर्याय फार आवडला, पण गॅलरीत उभ्या असलेल्या मुलाला मासा खाली खेळायला नेत नाही.

मांजर. स्वच्छ, स्वावलंबी, फ्लॅटला योग्य. पण वहिनीला दमा आहे. मांजराची अ‍ॅलर्जी केसांची असते असा समज आहे. खरं तर ती त्याच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते, त्यामुळे "कमी केसांचं आणू" हा उपाय चालत नाही. चार वेळा मांजरवाल्या मैत्रिणीकडे बसून आल्यावर वहिनीनेच ही ओळ लाल केली.

राहिला कुत्रा. इथे प्रश्न संपत नाहीत, सुरू होतात. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि घरोघरी पांढरा टफी आला (त्याला सगळे पॉमेरेनियन म्हणायचे, होता इंडियन स्पिट्झ). २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतला पग आला आणि सगळ्यांना पग हवासा झाला. बिचाऱ्या पगचं नाक इतकं चपटं की उन्हाळ्यात श्वास घेणं हीच त्याची दिवसभराची नोकरी. हल्ली तर पुण्याच्या उन्हात हस्की दिसतात, बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला कुत्रा! दिसण्यावरून कुत्रा निवडणं म्हणजे डबा बघून आंबा घेणं. आपला गावठी कुत्रा आपल्या हवेत घडलेला, काटक, पण त्याच्या नावावर एकही सिनेमा नाही.

माझ्या शीटमध्ये कुत्र्याची ओळ हिरवी झाली. पण कंपनीत शिकलेली एक गोष्ट आठवली, की थेट लाइव्ह जायचं नाही, आधी पायलट. दिवाळीत वरच्या मजल्यावरचे काका-काकू लेकीकडे बंगलोरला निघाले होते आणि त्यांच्या कुत्रीला कोणी सांभाळेल का म्हणून विचारत होते. वय पाच, जात गावठी, स्वभाव शांत. नऊ दिवस आमच्याकडे.

हजेरीपट मी ठेवला होता. संध्याकाळची फेरी: छोटे सरकार नऊपैकी नऊ. चार महिन्यांनी पोरगा स्वतःहून खाली उतरला, आणि पट्टा धरलेल्या मुलाभोवती बाकीची मुलं आपोआप जमली. सकाळची सहाची फेरी: नऊपैकी तीन. उरलेल्या सहा कोणी केल्या? आईने. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी ती कुत्री आईच्या पलंगाखाली जाऊन थरथरत बसली, तर हा पठ्ठ्या स्वतःचे फुलबाजे सोडून दीड तास पलंगाशेजारी फरशीवर बसून तिला मराठीचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत होता. तिला हात लावत नव्हता, कारण पहिल्याच दिवशी आम्ही नियम घातला होता: घाबरलेल्या, झोपलेल्या आणि जेवणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. ती तोंड फिरवते, ओठ चाटते, उगाच जांभई देते, तेव्हा ती "पुरे" म्हणते आहे. हे त्याला मोठ्यांपेक्षा लवकर कळलं.

कुत्री परत गेल्यावर रात्री जेवताना आई बोलली. जूनपासून पहिल्यांदा.

"कुत्रा आणा, माझी ना नाही. पण तो माझा कुत्रा असणार, त्याचा नाही, हे आधी कबूल करा. मी चौसष्ट. पिल्लू आणलंत तर ते बारा वर्षांचं होईल तेव्हा मी शहात्तर. हा तेव्हा कॉलेजात. म्हाताऱ्या कुत्र्याला जिन्यावरून उचलून कोण नेणार, तुम्ही ऑनसाइट असताना?"

टेबलावर शांतता. माझ्या शीटमध्ये पाच कॉलम होते, त्यात आईचं वय नव्हतं. कोणाच्याच शीटमध्ये नसतं. आपण विचारतो, मुलाला कुठला प्राणी शोभेल. पण मूल हा फक्त युजर. मेंटेनन्स ज्याच्याकडे जाणार त्याला मीटिंगलाच बोलवत नाही. मग दोन वर्षांनी परदेशी पोस्टिंग येतं, आणि "चांगलं घर हवं आहे" असे मेसेज फिरू लागतात. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर असे मेसेज मी स्वतः वाचलेत.

उत्तर आईनेच दिलं. "मोठा झालेला आणा." तेव्हा लक्षात आलं की हाच पर्याय सगळ्यात सरळ आहे. सहा वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा अंदाजच करायचा. शी-शूचं शिक्षण झालेलं असतं, चपला खाण्याचं वय गेलेलं असतं. पुढची सहा-सात वर्षं ही आई आणि नातू दोघांच्याही हिशेबात बसतात. ऑफिसातला एक सहकारी मार्चमध्ये जर्मनीला चाललाय, त्याची गावठी कुत्री सहा वर्षांची आहे. तीन रविवार आम्ही तिला भेटायला गेलो. तिसऱ्या रविवारी ती आईच्या पायाशी येऊन झोपली. छोटे सरकार थोडे नाराज ("पिल्लू नाही?"), पण पुढच्या आठवड्यात मराठीचं पुस्तक सोबत न्यायचं म्हणाले.

बाकी तयारी चालू आहे. महापालिकेचा परवाना, त्यासाठी रेबीज लशीचा दाखला. सोसायटीत कुजबुज आहे, पण सोसायटीला कुत्रे पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच लिहून ठेवलंय, त्याची प्रत मी काढून ठेवली. आईने स्वयंपाकघरात यादी चिकटवली आहे: कांदा-लसूण नाही, चॉकलेट नाही, द्राक्षं नाहीत, शिऱ्यातले बेदाणे नाहीत. आणि मुलाला एकच गोष्ट दहादा सांगून झाली आहे. घरचा असो की रस्त्यावरचा, साधा ओरखडा जरी आला तरी लपवायचा नाही, कोणी रागावणार नाही. लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर हाती काहीच उरत नाही, त्याआधी वेळेवर उपचार घेतले तर मात्र तो टाळता येतो.

मार्चला अजून पाच आठवडे आहेत. सकाळच्या सहाच्या फेरीसाठी आईने नवे बूट घेतलेत. माझं नाव तिने मंगळवार आणि शुक्रवारच्या रकान्यात परस्पर टाकलंय.